अथेन्सच्या चौकांत

अथेन्सला जाणारा प्रवासी बहुधा अक्रोपोलिसवरील पार्थेनॉन पाहूनच थकतो, आणि टेकडीच्या वायव्येस पसरलेल्या अगोरांत घटकाभर रेंगाळून परततो. अगोरा म्हणजे जुन्या नगराचा चौक. बाजार, कचेऱ्या व न्यायसभा तेथेंच भरत. आम्हीं उभयतांनीं सबंध सकाळ तेथें घालविली.

नैर्ऋत्य कोपऱ्यांत अगोराची सीमा दाखविणारी एक कोरीव शिळा अद्याप उभी आहे. तिच्या लगतच जोडे करणाऱ्या एका कारागिराचें घर उत्खननांत निघालें. लोखंडी खिळे, नाडी ओंवण्याच्या हाडाच्या कड्या, आणि सायमन हें नांव कोरलेला पेल्याचा तुकडा तेथें सांपडला. सॉक्रेटिस सायमन नांवाच्या कारागिराच्या दुकानीं बोलत बसे, अशी जुनी आख्यायिका आहे. तें दुकान हेंच, असें पुष्कळांस वाटतें. मलाहि तसें मानावयास आवडतें. जोडा शिवावयास आपण कसबी मनुष्य शोधतों, मग राज्याचे अधिकारी चिठ्ठ्या टाकून कां नेमावे, हा त्याचा प्रश्न अशाच ठिकाणीं सुचावयाचा!

चिठ्ठ्या म्हणजे खरोखरीच्या चिठ्ठ्या. १९५६ सालीं पुन्हा उभ्या केलेल्या अत्तालसच्या मंडपांत आतां संग्रहालय आहे. तेथील एका संगमरवरी शिळेवर बारीक खांचांच्या ओळी दिसतात. खांचांत नांवांच्या पट्ट्या बसवीत व बाजूच्या नळींतून काळे-पांढरे गोळे सोडीत. पांढरा आला कीं ती ओळ कामावर, काळा आला कीं घरीं. ही शिळा सॉक्रेटिसानंतरची. पद्धति मात्र त्याच्याहि काळीं होती.

“अहो, विद्येची परीक्षा कांहींच नाहीं?” सौभाग्यवतींनीं विचारलें.

“नाहीं. नागरिक असावा व तीस वर्षांचा असावा.”

“आणि बायका?”

स्त्रिया, दास व परकीय यांची पट्टी त्या खांचेंत कधींच बसली नाहीं, हें मला सांगावें लागलें. त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत.

दुपारीं आम्ही पनिक्स टेकडीवर गेलों. लोकसभा तेथें भरे. इ. स. पू. ४०६ मध्यें अर्गिनुसाईच्या आरमारी युद्धांत अथेन्सला जय मिळाला, पण वादळामुळें बुडत्या खलाशांस वांचवितां आलें नाहीं. खवळलेल्या लोकांनीं सेनापतींचा एकत्रित निकाल एकाच मतदानानें लावावयाचें ठरविलें. हें कायद्याविरुद्ध होतें. पांचशें सभासदांच्या मंडळांत त्या वर्षीं चिठ्ठीनेंच आलेला सॉक्रेटिस त्या दिवशीं अध्यक्षगटांत होता. धमक्यांनीं बाकीचे वांकले. तो वांकला नाहीं. तरीहि सहा सेनापति मारले गेले, आणि लोकांस पुढें पश्चात्ताप झाला.

सात वर्षांनीं, ३९९ मध्यें, चिठ्ठीनें बसलेल्या न्यायसभेनें त्यालाच विषाचा पेला दिला. तीसच मतें फिरतीं तर तो सुटता. त्या वेळीं प्लेटो सुमारें अठ्ठावीस वर्षांचा होता. ज्ञानी पुरुषांनींच राज्य करावें, असें त्यानें पुढें मांडलें, याचें नवल वाटत नाहीं. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल मात्र म्हणे कीं, अनेकांनीं पदार्थ आणून केलेली पंगत एकाच्या खर्चाच्या जेवणाहून सरस ठरूं शकते.

मला प्लेटोचा शोक पटतो. निष्कर्षापाशीं मात्र मी अडखळतों. ज्या दिवशीं सॉक्रेटिस कायद्यासाठीं उभा राहिला, त्या दिवशीं त्याला त्या आसनावर कोणा ज्ञान्यानें बसविलें नव्हतें. चिठ्ठीनें बसविलें होतें. हें मी बोलून दाखविलें, तेव्हां सौभाग्यवती वक्त्याच्या त्या कातळी ओट्याकडे पाहत म्हणाल्या, “पण आमची पट्टी खांचेंत असती, तर ते सहाजण वांचले असते कीं नाहीं, तें सांगा.”