कोरून काढलेला देवमासा

लिनोकटमध्ये जे पांढरं हवं, ते कोरून काढावं लागतं. कटर फिरलेल्या जागी रोलरची शाई पोचत नाही आणि तिथला कागद कोरा राहतो. त्यामुळे ‘मोबी डिक’मधला पांढरा देवमासा छापायचा, तर समुद्र राखायचा, होडी राखायची आणि त्याच्या जागचं लिनो उचलून टाकायचं. १८५१ च्या त्या कादंबरीत मेलव्हिलने देवमाशाच्या चुकीच्या चित्रांवर अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. जिवंत देवमासा शेवटपर्यंत कुणाच्याच चित्रात नीट यायचा नाही, असं त्याचं ठाम मत. मला ते पटतं. पाण्यावर दिसते पाठ, शेपूट, फवारा. उरलेला आपण मनाने भरतो, आणि देव, राक्षस, अपशकुन सगळे तिथेच जन्माला येतात.

डच चित्रकारांना तो अख्खा दिसला, पण मेलेला. १६०१ च्या डिसेंबरात बेव्हरवाइकजवळ वाळूवर आलेला देवमासा यान सानरेडामने ताम्रपटावर कोरला. ते चित्र भिंगाखाली धरलं की माझा वेळ कुठे जातो कळत नाही. समोर उभ्या सरदाराने दुर्गंधीपायी नाकाला रुमाल लावलाय. डाव्या कोपऱ्यात खुद्द सानरेडाम रेखाटन करतोय. वारा लागू नये म्हणून त्याला झग्याचा आडोसा धरलाय. वरच्या चौकटीत ग्रहणं, भूकंप: देवमासा आला म्हणजे अरिष्ट आलं. पण अपशकुनाला वास येत नाही, कुजणाऱ्या जनावराला येतो. सानरेडामने दोन्ही एकाच पत्र्यावर कोरलं, म्हणून तो मला थोर वाटतो.

हेन्ड्रिक व्हान अँथोनिसनचं १६४१ च्या सुमाराचं स्खेव्हनिंगनच्या किनाऱ्याचं तैलचित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये १८७३ मध्ये आलं. हिवाळी दिवस, किनाऱ्यावर घोळके, आणि सगळे बघतायत ते नुसत्या पाण्याकडे. २०१४ मध्ये जुनं व्हार्निश काढताना आधी क्षितिजावर एक माणूस अधांतरी उभा दिसला. शेजारी शिडासारखं काहीतरी. वरचा रंग निघाला तेव्हा कळलं, की शीड म्हणजे देवमाशाचा पर, आणि माणूस त्याच्या पाठीवर उभा. कुणीतरी पूर्वी मेलेलं जनावर रंगाखाली बुजवलं होतं. बघणाऱ्यांना मात्र हात लावला नव्हता. माझ्या मते चित्रातला देवमासा त्या माणसांनीच एवढी वर्षं धरून ठेवला होता. म्हणून नवा ब्लॉक घेतला, की मी आधी किनारा कोरते, त्यावरची माणसं कोरते, त्यांच्या माना कुठे वळल्यात ते पक्कं करते.