कापूस पुढे कुठे जातो

आमच्या पिंप्राळ्यातला कापूस बैलगाडीतून जिनात जायचा. तिथे सरकी वेगळी झाली, रुईच्या गाठी बांधल्या, की आमचं काम संपलं. "आता मालगाडीनं मुंबईले जाईन," एवढंच वडील सांगायचे. पुढे गाव जळगाव शहरात मिसळलं, आमच्या वावरात प्लॉट पडले आणि तो विषयही संपला.

तो पुन्हा निघाला लेकीमुळे. तिला लोअर परळला नोकरी लागली. श्रावणात तिच्याकडे गेलो. ती कामावर गेल्यावर खोलीत बसून काय करायचं, म्हणून छत्री घेऊन निघालो. तिचं ऑफिस ज्या आवारात आहे, तिथे पूर्वी गिरणी होती. जळगावकराला त्याचं काय नवल? स्टेशनजवळच्या खान्देश मिलच्या जागेवर आमच्याकडेही मॉलच उभा आहे. पण आमच्या शहरात ती एक मिल. इथे अख्खा मुलूखच गिरण्यांचा, म्हणून तर गिरणगाव. 1854 साली कावसजी दावरांनी तारदेवला पहिली गिरणी काढायचा घाट घातला. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा आपल्या कापसानं मुंबईत जो पैसा खेळवला, त्याच्या गोष्टी शाळेत ऐकल्या होत्या. खान्देशच्या वाट्याला त्यातलं किती आलं, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

करी रोडचा पूल उतरून लालबागेत शिरलो. काचेच्या इमारती मागे राहिल्या आणि मसाल्याच्या दुकानांनी ठसका लावला. भारतमाता सिनेमाच्या पुढे, पाऊस चुकवायला एका चाळीच्या जिन्याखाली थांबलो. तिथे स्टुलावर एक म्हातारबाबा बसले होते.

"कुठचे तुम्ही?"

"जळगाव."

"म्हणजे कापसाचे!" ते सरकून बसले.

मूळचे संगमेश्वरचे. विशीच्या आत मुंबईला आले, आधी बदली कामगार, मग त्रासन खात्यात कायम. म्हणजे सूतकताई. चात्या गरगर फिरत असतात, मध्येच धागा तुटतो. यंत्र न थांबवता तो चुटकीत सांधायचा, की पुढचा तुटलेलाच. यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून खुणांनीच बोलायचं. पाळी सुटली की भुवयांवर कापूस. "बायको म्हणायची, सकाळी काळे जाता नि संध्याकाळी पिकून येता."

18 जानेवारी 1982 ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत हे. "डॉक्टर सामंत गेले, गिरण्या गेल्या. संप मिटला असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. गिरण्यांच्या जमिनीतला तिसरा हिस्सा शहराला, तिसरा घरांना, असा 1991 चा नियम होता. 2001 मध्ये तो बदलून वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली. एवढं मोठं आवार नि मोकळं म्हणून निघालं वीतभर. मला विचाराल तर गिरणगाव खरं तिथे संपलं. बाबांनी नुसता हात झटकला. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"मला सांगा, झाडावर कापूस दिसतो कसा?"

मी बघतच राहिलो. आयुष्य कापसात गेलेला माणूस! पण कोकणात कापूस कुठला? त्यांच्या हाती आला तो पेळू होऊनच. आणि मला जिनाच्या फाटकापुढचा ठाऊक नव्हता.

आणून दाखवतो म्हणालो खरा, पण आमचं वावर कुठे उरलंय? दिवाळीला धरणगावकडच्या साडूच्या शेतातून फुटलेल्या बोंडांची एक फांदी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि लेकीसोबत पुन्हा मुंबई गाठली. दादरच्या गर्दीत दोन बोंडं गळली. उरलेली तीन बाबांनी मांडीवर घेतली. बोंडाचं टोक बोचलं तसा हात मागे घेतला. "काटे असतात होय याला!" मग एका पाकळीतली सरकी नखानं काढली, रुई विंचरली आणि बोटांत पीळ देऊ लागले. वीतभर सूत निघालं नि तटकन तुटलं. त्यांचं लक्ष माझ्या लेकीकडे, ती ऑफिसचा मजला सांगत होती. खाली न बघता त्यांनी दोन्ही टोकं अंगठ्याखाली घेतली, एकदा चोळली आणि सूत माझ्या हातात दिलं.

सांधा कुठे होता, ते मला सापडलं नाही.