गुलाबी की हिरवं?

दादाचा निसर्गफोटोंचा धंदा मेहकरात, पण घर चालतं ते उल्केनं घडवलेल्या लोणार सरोवरावर! वेबसाइट नव्यानं लाँच करायची म्हणून मजकुराचं काम माझ्याकडे (फुकटात, अर्थात). घोडं अडलं होमपेजच्या फोटोवर.

‘गुलाबीच टाक नं, तोच खपतो,’ दादा म्हणाला.

जून २०२०मध्ये पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यातले सूक्ष्मजीव फोफावले आणि सरोवर चक्क गुलाबी झालं. पावसाचं पाणी मिसळल्यावर रंग उतरलाही. आता तो भन्नाट फोटो बघून मुंबईहून आलेला पाहुणा काठावर उभा राहून दादालाच फोन करणार ना बॉस!

दोन रात्री भांडलो. शेवटी होमपेजवर हिरवं सरोवर. गुलाबी आतल्या पानावर, खाली ठळक ‘जून २०२०’.

पहिल्या आठवड्यात प्रिंटच्या दोनच ऑर्डरी आल्या. दोन्ही गुलाबीच्या. दादा अजून माझ्याकडे बघून हसतोय.