कार्यालयातला वर्ग

दर्यापुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी नोकरी करतो. मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी कशी वागतात, ते इथं रोज दिसतं. "साहेब, थो कालबी उशिराच आला," ही चुगली ठरलेली. डबा खायला दोन गट वेगवेगळे बसतात, आणि इकडच्यानं तिकडे जाऊन घास खाल्ला की आठवडाभर अबोला. साहेब दौऱ्यावर गेले की अमरावती-अकोल्याहून अपडाऊन करणाऱ्यांची टेबलं दुपारीच रिकामी होतात. माणसंच पोरकट, त्यांना धाक हवा, असं माझं ठाम मत होतं. बायोमेट्रिक हजेरीची बाजू मी हिरिरीनं मांडत असे.

आता मांडत नाही. हा बदल निवडणुकीच्या ड्युटीनं घडवला.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. आमच्या पथकाचा केंद्राध्यक्ष होता आमच्याच इमारतीतला एक लिपिक; साहेबांचे कान भरतो म्हणून सगळे त्याला टाळतात. उजाडायच्या आत त्यानं उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतलं. किमान ५० मतं टाकायची, जुळवायची, पुसायची आणि मग यंत्र सील करायचं. दिवसभरात दोनदा वाद झाले, ते त्यानं शांतपणे मिटवले. संध्याकाळी सहाला रांग उरली होती. नियमाप्रमाणे त्यानं शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे मागून कुणी घुसायला नको. रात्री एकूण मतांचा हिशेब सही करून प्रतिनिधींच्या हाती दिला. त्याच्यावर पहारा ठेवायला कुणीच नव्हतं. चुगली करावी असं तिथं काही नव्हतं, कारण निर्णय त्याचा होता आणि जबाबदारीही त्याचीच.

कार्यालयात याच माणसाला साध्या पत्रावर सही करता येत नाही. तीन लेट मार्क झाले की त्याची एक किरकोळ रजा जाते. त्यानं काम किती उरकलं, हे त्या हिशेबात येत नाही. आणि गोपनीय अहवाल! पूर्वी फक्त प्रतिकूल शेरे कळवत, बाकी सगळं गुप्त. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं देवदत्त खटल्यात २००८ साली सांगितलं. नियम बदलला, पण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली भीती तशी जात नाही. आपले गुण कुणाच्या तरी मर्जीवर ठरतात, हे एकदा मनात बसलं की माणूस कामापेक्षा मर्जी सांभाळतो, आणि मर्जीच्या शर्यतीत शेजारचा मागे पडावा म्हणून कान भरतो.

कामचुकार माणसं आहेतच, मी त्यांची वकिली करत नाही. त्यांना कामाचा जाब विचारावा, आणि तो कडक विचारावा.

कार्यालयप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे : रोजच्या साध्या कागदांवर सहीचा अधिकार टेबलावरच्या माणसाला द्या, आणि अहवालात काय लिहिणार ते त्याला समोर बसवून आधी सांगा.