'मात्र'ची जागा

माझ्या पहिल्या अनुवादाचं हस्तलिखित संपादकांकडून परत आलं, तेव्हा एकाच पानावर लाल पेन्सिलीनं केलेली अकरा वर्तुळं होती. प्रत्येक वर्तुळात एकच शब्द, 'परंतु'. समासात त्यांनी एवढंच लिहिलं होतं : 'मूळ लेखकानंही अकरा वेळा एकच शब्द वापरलाय का?' मी इंग्रजी पान काढून बघितलं. 'बट' चारदाच आलं होतं. बाकीच्या जागी 'हाउएव्हर', 'येट', 'स्टिल', 'ऑलदो' आणि एकदा 'नेव्हरदलेस'. मला ते सगळे एका घरचे वाटले होते. विरोध दाखवायचाय ना, मग 'परंतु' आहेच की. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. अजूनही एखाद्या पानावर माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो अवघड संज्ञांवर नव्हे, या लहान शब्दांवर.

शाळेत 'पण, परंतु, परी, किंतु' यांना आपण न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययं म्हणायला शिकलो. पाठ करताना जड वाटणारं हे नाव नीट ऐकलं तर फार नेमकं आहे. आधीच्या वाक्यात काही उणं राहिलं आहे, ते पुढचं वाक्य दाखवून देतं. इंग्रजीतल्या 'बट'च्या पोटातही अशीच एक जुनी गोष्ट आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'बाहेर', 'वगळून' असा होता. 'ऑल बट वन' म्हणजे एक सोडून सगळे, या प्रयोगात तो अजून जिवंत आहे. आपला 'पण' मात्र संस्कृत 'पुनः'पासून, प्राकृत 'पुण'मधून आलेला. म्हणून तो 'मी पण येते' असं म्हणून सोबतही येऊ शकतो. एक शब्द वगळण्यातून विरोधाकडे गेला, दुसरा पुन्हा बोलण्यातून. शब्दकोशात दोघे समोरासमोर बसतात, तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत, हे मला अनुवाद करताना विसरायचं नसतं.

पहिला मोठा धडा मला 'हाउएव्हर'नं दिला. 'बट' हे उभयान्वयी अव्यय आहे, ते दोन वाक्यं एकमेकांना शिवतं. 'हाउएव्हर' क्रियाविशेषण आहे. ते शिवत नाही. म्हणून दोन वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम देऊन 'हाउएव्हर' घातलं, तर इंग्रजीत ती चूक ठरते. तिथे पूर्णविराम नाहीतर अर्धविराम लागतो. पण शिवणीतून सुटल्यामुळेच त्याला फिरायची मोकळीक मिळते. ते वाक्याच्या तोंडी येतं, मध्ये येतं, शेवटीही येतं. विल्यम स्ट्रंक यांनी 1918 सालच्या आपल्या छोट्या लेखनपुस्तिकेत, 'तरीही' या अर्थाचं 'हाउएव्हर' वाक्याच्या आरंभी घालू नका, असं सांगितलं होतं. आज सगळे लेखक तो नियम पाळत नाहीत. तरी त्यामागचं कान देऊन ऐकणं मला पटतं. वाक्याच्या मध्ये आलेलं 'हाउएव्हर' आपल्या आधीच्या शब्दावर बोट ठेवतं : बाकीच्यांचं सोडा, मी याच्याबद्दल बोलतोय.

हे काम मराठीत कोण करतं? 'परंतु' नाही, 'तथापि' नाही. करतं ते 'मात्र'. 'बहिणीनं मात्र घर विकलं नाही' म्हटलं, की भावांनी विकलं हे न सांगता कळतं. 'बहिणीनं घर मात्र विकलं नाही' म्हटलं, की तिनं जमीन किंवा दागिने विकले असावेत, पण घर राखलं. शब्द तेच, क्रियापद तेच. 'मात्र' एक घर पुढे सरकला आणि गोष्ट बदलली. हे सामर्थ्य त्याला आधीच्या शब्दाला टेकून उभं राहिल्यामुळे मिळतं. हल्ली बातम्यांमध्ये तो वाक्याच्या तोंडी, पुढे स्वल्पविराम घेऊन येतो, 'मात्र, प्रशासनानं अद्याप दखल घेतलेली नाही' असा. तेव्हा त्याला टेकायला मागे काही उरत नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. 'प्रशासनानं मात्र अद्याप दखल घेतलेली नाही' असं लिहायला जागा सारखीच लागते आणि बोट नेमकं ज्याच्याकडे जायला हवं त्याच्याकडे जातं.

रविवारी सकाळी माझ्याकडे काही तरुण मुलं अनुवाद शिकायला येतात. इंग्रजी लिहिताना त्यांच्यातल्या एकीच्या हातून सतत 'ऑलदो'नं सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'बट' येत असे. गुणपत्रिकेत तिचे या एका चुकीपायी बरेच गुण गेले होते, आणि चूक का आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझा मराठी कान बरोबर आहे. आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' यावाच लागतो. एक दार उघडलं की दुसरं वाजतंच. इंग्रजीत 'ऑलदो' आणि 'बट' दोघेही शिवणारे, आणि एका शिवणीला दोन सुया चालत नाहीत. पण 'ऑलदो'नंतर 'येट', 'स्टिल' किंवा 'नेव्हरदलेस' चालतं, कारण तिथे ते शिवत नाहीत, 'असं असूनही' एवढंच म्हणतात. त्याच कारणानं 'बट स्टिल' चालतं, 'बट नेव्हरदलेस' चालतं. एक जोडतो, दुसरा जोर देतो. पुढच्या रविवारी तिनं वहीची दोन पानं स्वतःच दुरुस्त करून आणली होती.

'स्टिल' आणि 'येट' हे दोन्ही शब्द काळाचेही आहेत, त्यांचा एक अर्थ 'अजून'. मला यात इंग्रजीची एक सुंदर समजूत दिसते. एवढं सगळं घडून गेलं आणि गोष्ट अजून तशीच उभी आहे, हाच विरोध. मराठीत याला वेगळा शब्दसुद्धा लागत नाही. 'एवढं सोसूनही ती हसते.' धातूला 'ऊन' लागला, त्याला 'ही' चिकटला आणि काम झालं. 'बट स्टिल'साठी 'परंतु तरीसुद्धा' लिहिण्याआधी मी आता पाहते, की हे ओझं एका 'ही'ला पेलतंय का. बहुतेकदा पेलतं.

'अँड येट' मात्र मी जपून हाताळते. तिथे लेखकानं 'बट' असतानाही 'अँड' निवडलेलं असतं. पहिली गोष्ट त्याला खोडायची नसते. ती पूर्ण मान्य करून तो तिच्या शेजारी दुसरी ठेवतो. 'सगळे गेले. आणि तरीही घर रिकामं वाटलं नाही.' इथे 'आणि'च्या जागी 'पण' घातला, तर पहिलं वाक्य हरतं. 'आणि'मुळे दोन्ही वाक्यं उभी राहतात. तरुणपणी मी अशी कितीतरी वाक्यं हरवली असतील.

तर्कशास्त्रात 'अ पण ब' आणि 'अ आणि ब' यांचं सत्यमूल्य एकच. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या की विधान खरं. माणसं तसं ऐकत नाहीत. 'गरीब आहे पण प्रामाणिक आहे' या वाक्यातला 'पण' बोलणाऱ्याची समजूत उघडी पाडतो : गरीब माणूस प्रामाणिक नसायचाच, असं त्यानं आधीच धरलेलं असतं. आणि क्रमाचंही तसंच. 'औषध महाग आहे, पण गुणकारी आहे' ऐकून माणूस पाकीट काढतो. 'गुणकारी आहे, पण महाग आहे' ऐकून तो घरी जातो. 'पण'च्या पलीकडे जे येतं ते कानात राहतं. म्हणून लेखक काय मान्य करतो आहे आणि काय धरून ठेवतो आहे, हे त्याच्या 'बट'च्या दोन बाजूंना पाहून कळतं. ती बाजू बदलायचा हक्क अनुवादकाला नाही. हे मी शिकवत आले. आणि एकदा मीच मोडलं.

काही वर्षांपूर्वी आईच्या तपासणीचा अहवाल आला. इंग्रजीत, दोनच ओळी महत्त्वाच्या. दवाखान्याच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. चष्मा घरी राहिला होता, म्हणून म्हणाली, 'वाच गं.' मी वाचलं : 'पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, पण गाठ लहान आहे.' दोन्ही गोष्टी कागदावर होत्या. एकही शब्द खोटा नव्हता.

आईनं तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं विचारलं, 'याच क्रमानं लिहिलंय का?'

मला उत्तर देता येईना. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. 'तू कुणाचं पुस्तक असं बदललं नसतंस,' ती म्हणाली. 'माझंही बदलू नकोस.'

मी कागद पुन्हा उघडला. दुसऱ्या ओळीत, वाक्याच्या मध्यावर, दोन स्वल्पविरामांच्या आत 'हाउएव्हर' होतं. ज्यानं लिहिलं त्यानं ते नीट विचार करून तिथे ठेवलं होतं. मी ते आईला तिच्या भाषेत, त्याच जागी ठेवून वाचून दाखवलं :

'गाठ लहान आहे. पुढच्या तपासण्या मात्र कराव्या लागतील.'