एकाच खोलीत मैदान आणि चित्रगृह

घरगुती गोल्फ सिम्युलेटरमध्ये खेळाडू खराखुरा चेंडू खऱ्याच काठीने मारतो. कल्पित असते ते फक्त मैदान. चेंडू तीन-साडेतीन मीटरवर टांगलेल्या जाड पडद्यावर आदळून खाली पडतो. तेवढ्या अवधीत लाँच मॉनिटर नावाचे यंत्र त्याचा वेग, दिशा, उडण्याचा कोन आणि गिरकी टिपते. पुढचा प्रवास संगणक गणिताने पुरा करतो आणि प्रोजेक्टर तो त्याच पडद्यावर दाखवतो. मोठा पडदा, चांगला प्रोजेक्टर आणि अंधारी खोली आहेच, तर सिनेमाही तिथेच पाहावा, हा विचार मग ओघानेच येतो. मात्र या दोन उपयोगांच्या गरजा काही ठिकाणी जुळतात, तर काही ठिकाणी एकमेकींच्या आड येतात. रत्नागिरीत तर या दोघांच्याही आधी पावसाचे म्हणणे ऐकावे लागते.

अठरा होलच्या मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. शिवाय बारमाही हिरवळ आणि तिला पुरेल एवढे पाणी हवे. रत्नागिरीच्या सड्यावर जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो. उतारावर आंबा-काजूच्या बागा आणि खाली भातखाचरे असतात, आणि पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर खेळण्याचा प्रश्नच येत नाही. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा येरवड्याचे पूना गोल्फ क्लब ही मैदाने घाटापलीकडची किंवा मुंबईची. तरीही खेळ आता अनोळखी राहिलेला नाही. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला आणि त्याच स्पर्धेत बंगळूरची अदिती अशोक चौथी आली, पदकापासून एकाच फटक्याच्या अंतरावर. कोकणात घर बांधणाऱ्याला या खेळाचा सराव हवा असेल, तर खोली हाच व्यवहार्य मार्ग आहे.

खोलीची मापे कळण्यासाठी आधी चेंडू समजून घ्यावा लागतो. नियमानुसार त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. पाहायला तो लहान दिसतो. पण ड्रायव्हर या सर्वांत लांब काठीने व्यावसायिक खेळाडूने मारलेला चेंडू सेकंदाला सुमारे ७५ मीटर वेगाने सुटतो. त्यातली ऊर्जा होते जवळजवळ १३० ज्यूल, म्हणजे ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित जास्तच, आणि तीही कितीतरी लहान जागेवर एकवटलेली. हौशी खेळाडूचा चेंडू ६० मीटरच्या वेगाने जातो असे धरले, तरी पडद्यापर्यंतचे ३.३ मीटर तो ५५ मिलिसेकंदांत कापतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

पुढचे गणित या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. ७५ मीटर वेगाने, ११ अंशांच्या कोनात सुटलेला चेंडू निर्वात जागेत सुमारे २१५ मीटरवर पडला असता. हवेत विरोध होतो म्हणून तो अलीकडे पडायला हवा. प्रत्यक्षात तो २५० मीटरच्या आसपास जातो. याचे कारण उलटी गिरकी. मिनिटाला अडीच हजारांहून अधिक फेरे घेणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा खाली ढकलतो आणि त्या बदल्यात वर उचलला जातो. एडिंबराचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात हे उलगडून दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी त्या काळातला नामवंत हौशी गोल्फपटू होता, हा योग विज्ञानाच्या पथ्यावर पडला. आजच्या सिम्युलेटरमध्ये गुरुत्वाकर्षण, हवेचा विरोध आणि ही उचल या तीन बलांची समीकरणे क्षणाक्षणाने सोडवली जातात. गिरकी चुकीची मोजली गेली तर चित्र कितीही देखणे असले तरी खेळ खोटा ठरतो.

चेंडूचा वेग आणि गिरकी मोजण्याचे मार्ग दोन. रडारचे यंत्र खेळाडूच्या मागे ठेवतात; चेंडूवरून परतलेल्या लहरींच्या बदललेल्या कंप्रतेवरून ते वेग काढते. २४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरल्या तर ६० मीटर वेगाच्या चेंडूमुळे कंप्रतेत सुमारे ९,६०० हर्ट्झचा फरक पडतो. या पद्धतीला चेंडूचे उड्डाण काही अंतर तरी दिसावे लागते, म्हणून खोली लांब हवी. कॅमेऱ्याचे यंत्र चेंडूच्या बाजूला किंवा डोक्यावर छताला असते. ते अवरक्त प्रकाशात लागोपाठ चित्रे घेते आणि चेंडूवरच्या खुणा किती फिरल्या हे पाहते. घरच्या खोलीला हेच जास्त सोयीचे. घरात डावखुरा खेळाडू असेल तर छतावरचे यंत्र घ्यावे, कारण बाजूचे यंत्र दर वेळी उचलून दुसरीकडे ठेवावे लागते. खिडकीतून थेट ऊन आले तर कॅमेरा गोंधळतो, म्हणून सिम्युलेटरला अंधार चालतो. इथे सिनेमा आणि खेळ यांचे जुळते.

पैसे यंत्रावर खर्च करण्याआधी उंची मोजावी. यंत्र पुढे बदलता येते, छत वर नेता येत नाही. ड्रायव्हरची लांबी सव्वा मीटरच्या आत असली, तरी उंच माणसाच्या पूर्ण स्विंगमध्ये तिचे टोक पावणेतीन मीटरला शिवते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर आहे. म्हणजे नेहमीच्या स्लॅबखाली काठी छताला लागणार, आणि लागली नाही तरी लागेल या भीतीने खेळाडूचा स्विंग आखडणार. सव्वातीन मीटर मिळाले तर उत्तम, तीन मीटर चालतात. रुंदी साडेचार आणि लांबी सहा मीटरच्या पुढे हवी.

जुन्या कोकणी घरात उंची असते, पण ती आढ्याखाली. मंगलोरी कौलांचे छप्पर दोन्ही बाजूंनी उतरते आणि पडवीत डोके वाकवावे लागते. म्हणून फटक्याची रेषा आढ्याला समांतर आणि बरोबर त्याखाली घ्यावी. खरी अडचण आडव्या तुळयांची असते. भिंतीच्या डोक्यावरून जाणारी तुळई नेमकी काठीच्या वाटेत येते आणि ती छपराला बांधून ठेवत असल्यामुळे तिला हात लावता येत नाही. दोन तुळयांमधल्या गाळ्यात उभे राहण्याची जागा बसली तरच जुने माजघर या कामाचे.

नव्या घरांत स्लॅबवर गळती टाळण्यासाठी पत्र्याची शेड घालायची पद्धत रत्नागिरीत सर्रास आहे. ती शेड उंच असते आणि मोहात पाडते. पण आषाढातल्या सरी पत्र्यावर कोसळू लागल्या की संवाद ऐकू येत नाहीत, आणि एप्रिलमध्ये तिथे उभे राहवत नाही. शेडखाली खोली करण्यापेक्षा स्लॅबखालीच, तळमजल्यावर, बांधतानाच एका खोलीचे जोते दीड फूट खाली घेणे शहाणपणाचे; मात्र तिथे ओल वर चढू नये म्हणून जोत्यात ओलरोधक थर न चुकता घालावा. असे केले की पाऊस पत्र्यावर वाजतो आणि मधली स्लॅब त्याचा आवाज अडवते.

भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची असेल तर ती जड असते, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही. चिरा सच्छिद्र असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी गिलावा हवा. चिऱ्यात एक्स्पान्शन बोल्ट ठोकला तर चेंडूच्या दर धक्क्याला भोवतालच्या दगडाचा भुगा होत जातो आणि बोल्ट सैल पडतो. म्हणून पडद्याची चौकट भिंतीला टांगण्याऐवजी जमिनीवर स्वतंत्र उभी करावी, ॲल्युमिनियमची किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइपची. साध्या लोखंडाला खारा वारा दोन पावसाळ्यांत गंज चढवतो.

पडदा जाड पॉलिस्टरच्या घट्ट विणीचा असतो. खेळाला तो सैल हवा, म्हणजे चेंडूची ऊर्जा कापडाच्या झोळात जिरते. सिनेमाला तो ताणलेला आणि सपाट हवा. ताणलेल्या पडद्यावरून चेंडू परत खेळाडूच्या अंगावर येतो, त्यामुळे इथे सिनेमाने माघार घ्यावी. कडांना लवचिक दोऱ्या लावून सुरकुती जाईल इतपतच ताण द्यावा आणि मागे भिंतीपर्यंत निदान ३० ते ४० सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. त्या जागेत जाड गोधडी सैल टांगली तर आदळण्याचा आवाज बराच मऊ होतो. सिनेमासाठी पुढे खाली येणारा दुसरा, मोटारीचा पडदा बसवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. कोरड्या गावात तो योग्यही आहे. किनाऱ्यावर मात्र गुंडाळून ठेवलेल्या कापडात बुरशी धरते आणि यंत्रणेला गंज लागतो. रत्नागिरीत नीट राखलेला एकच पडदा बरा.

प्रोजेक्टर खेळाडूच्या मागे ठेवला तर पडद्यावर त्याचीच सावली पडते. म्हणून जवळून मोठे चित्र टाकणारा प्रोजेक्टर छताला, खेळाडूच्या पुढच्या अंगाला टांगतात. फेक गुणोत्तर, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी, ०.७ असेल तर चार मीटर रुंद चित्रासाठी तो पडद्यापासून २.८ मीटरवर येतो. उजेडाचे गणित असे: चार बाय सव्वादोन मीटरच्या साध्या पांढऱ्या पडद्यावर ३,००० ल्यूमेन टाकले तर दर चौरस मीटरला सुमारे १०६ कँडेला मिळतात. डिजिटल चित्रपटगृहाचे प्रमाण ४८ आहे. म्हणजे खेळताना चेंडूवर दिवा लावूनही चित्र टिकते आणि सिनेमाच्या वेळी प्रोजेक्टर मंद करता येतो. सिनेमाचे नुकसान होते ते काळ्या रंगात. पांढऱ्या भिंती आणि पांढरे छत पडद्याचा उजेड परत पडद्यावर फेकतात आणि रात्रीचे दृश्य राखाडी दिसू लागते. छत गडद रंगवले की महागड्या प्रोजेक्टरपेक्षा जास्त फरक पडतो.

चार मीटर रुंद पडदा ४० अंशांत दिसायचा तर आसन साडेपाच मीटरवर हवे. चेंडू असतो सव्वातीन-साडेतीन मीटरवर. खेळाडू त्याच्या बाजूला उभा राहतो आणि काठी मागे दोन मीटरपर्यंत फिरते. म्हणजे सिनेमाची उत्तम जागा नेमकी काठीच्या टप्प्याच्या कडेला येते. पक्क्या बसवलेल्या खुर्च्या म्हणून टाळाव्यात; हलका सोफा खेळाच्या वेळी मागच्या भिंतीला सरकवावा, आणि काठी हातात असेपर्यंत मुलांना त्याच्या पुढे येऊ देऊ नये.

आवाजाच्या बाबतीत दोन्ही उपयोग एकमेकांना अनपेक्षित मदत करतात. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५पासून केलेल्या प्रयोगांतून निघालेले सूत्र आजही पुरते: खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, म्हणजे घुमण्याचा काळ. ६.२ बाय ४.५ बाय ३.१ मीटरच्या, गिलावा केलेल्या रिकाम्या खोलीत आवाज पावणेतीन सेकंदांच्या आसपास घुमतो. संवाद स्पष्ट ऐकायला तो ०.३५ सेकंदावर यावा लागतो, आणि त्यासाठी सुमारे ४० चौरस मीटर पूर्ण शोषण लागते, म्हणजे सगळ्या पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा. नवशिक्याचा चुकलेला चेंडू जवळजवळ काटकोनात उडतो, म्हणून बाजूच्या भिंतींवर जाड पडदे आणि फोम घालावाच लागतो. जमिनीवर कृत्रिम हिरवळ येतेच. निम्मे ध्वनिशोषण असे खेळानेच करून दिलेले असते.

खर्जाचे मात्र याने काही होत नाही. ६.२ मीटर लांबीत सुमारे २८ हर्ट्झचा आणि ३.१ मीटर उंचीत बरोबर त्याच्या दुप्पट, ५६ हर्ट्झचा स्वर साठतो. लांबी उंचीच्या दुप्पट असली की हे साठे एकमेकांवर चढतात. वर दिलेल्या मापांत नेमका हाच दोष आहे. लांबी साडेसहा केली तर तो बराच कमी होतो. मधला स्पीकर पडद्यामागे ठेवता येत नाही, कारण तिथे चेंडू आदळतो. तो पडद्याच्या वर, खाली झुकवून आणि जाळीआड ठेवावा.

पायाखालची चटई कठीण कोब्यावर थेट अंथरली तर दर फटक्याचा हादरा मनगटाला आणि कोपराला बसतो. प्लायवूडचा हलका चौथरा करून त्यात चटई हिरवळीच्या पातळीत बसवावी. प्लाय मरीन दर्जाचा घ्यावा आणि चौथऱ्याखाली वाळवीचा उपचार आधीच करून घ्यावा.

आता पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २६ अंशांच्या वर असतो. एसीने २४ अंशांवर आणलेल्या खोलीचे दार उघडे राहिले, तर भिंतीवर, पडद्यावर आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर पाणी धरते. मोठा एसी बसवणे हा इथे उलटा उपाय ठरतो. तो खोली झटपट गार करून थांबतो आणि थांबला की दमटपणा काढणेही थांबते. लहान इन्व्हर्टर एसी आणि जोडीला वेगळा डिह्युमिडिफायर ठेवून आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राखावी. खोली वापरात नसली तरी पावसाळ्यात डिह्युमिडिफायर चालू हवा, त्याची नळी थेट बाहेर काढावी. अंधारासाठी खिडक्या बुजवलेल्या असल्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे यंत्रावर येते.

विजेची तयारीही हवामानाला धरूनच करावी लागते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात आणि मे २०२१च्या तौक्तेने किनारपट्टीवर वीज कित्येक दिवस घालवली. रोजच्या वापरात त्रास होतो तो वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांचा. सर्ज प्रोटेक्टर मुख्य पेटीतच बसवावा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून विजेला विरोध करते, म्हणून अर्थिंगचा खड्डा खोल घ्यावा आणि मे महिन्यात त्याची मोजणी करून घ्यावी. प्रोजेक्टर आणि संगणकाला लहान यूपीएस पुरतो.

देखभालीत सगळ्यात जास्त लक्ष पडद्याकडे द्यावे. मातीने मळलेला किंवा शाईची खूण केलेला चेंडू त्यावर डाग सोडतो, चरे पडलेला चेंडू धागे काढतो. वेज या आखूड काठीचा फटका कमी वेगाचा असला तरी त्याची गिरकी फार, त्यामुळे तो चेंडू आदळतो तिथेच कापड आधी झिजते. खोलीसाठी चेंडूंचा संच वेगळा ठेवावा आणि पडद्याची खालची-वरची बाजू वर्षातून एकदा बदलावी. हे काम नवरात्राच्या सुमारास, हवा कोरडी पडू लागल्यावर करावे. पडदा उतरवला की मागची गोधडी उन्हात घालता येते आणि चौकटीचे नटबोल्टही त्याच दिवशी तपासून होतात.