वीट पाडणाऱ्याचे हात

वैद्यकाच्या इतिहासाकडे आम्ही वळलो ते ग्रंथांच्या वाटेने. साहित्याच्या अभ्यासकांना दुसरी वाट ठाऊक तरी कुठली असणार? चरक, सुश्रुत, वाग्भट, पलीकडे गेलन आणि हार्वे: ज्यांनी लिहिले, किंवा ज्यांच्या नावावर लिहिले गेले, त्यांचीच ही मालिका. तिच्यात न बसणारा एक माणूस पुण्याच्या आसपास होऊन गेला. गेली काही वर्षे तो आमच्या मनातून जात नाही.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापले गेले. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकत असे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. मराठीत नाकाला केवढी प्रतिष्ठा आहे ते वाचकांना सांगणे नलगे. नाक कापणे, नाक वर करून चालणे, कुणाचे तरी घराण्याचे नाक असणे, ही सारी भाषा अब्रूची आहे. शत्रूला ठार न मारता नकटा करून परत धाडणाऱ्यालाही ही भाषा चांगलीच अवगत असली पाहिजे. कावसजीने सुमारे वर्षभर ते तोंड लोकांत वागवले. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले.

पत्रातील शस्त्रक्रियेचे वर्णन आम्ही पुन्हा पुन्हा वाचले आहे. मेणाची पातळ पत्री नाकाच्या जागी बसवून तिला हवा तो आकार द्यायचा. ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेने रेघ ओढायची. रेघेवरून कातडी सोलायची. मात्र दोन भुवयांच्या मधला एक अरुंद देठ तसाच जोडलेला ठेवायचा, कारण रक्त त्यातूनच येणार. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवायची आणि नाकाच्या थोटकाभोवती पाडलेल्या खाचेत तिच्या कडा बसवायच्या. वरून पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. (पानाच्या तबकातला कात तो हाच.) चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या. रोग्याने पाचसहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो देठ कापायचा.

या हकिकतीत कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे. रोग्याचे आहे. शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहणाऱ्या मुंबईकडील दोन इंग्रज डॉक्टरांची आहेत. ज्याने काढलेल्या चित्रावरून खोदचित्र छापले त्या जेम्स वेल्सचे आहे. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना कुंचल्याने टिपणारा हाच तो वेल्स. पत्रलेखकाने निदान दोन आद्याक्षरे तरी सोडली. शस्त्र चालवणाऱ्याविषयी मात्र एवढेच, की तो वीट पाडणाऱ्यांच्या जातीचा होता.

हे कसब सुश्रुताचे, असे आपण अभिमानाने सांगतो. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचा विधी आहे हे खरेच. पण तेथे झाडाच्या पानाने माप घेऊन कातडी गालाची घेतली आहे. कपाळ तिच्यात नाही. गालावरून कपाळावर कोण आले, केव्हा आले, याची पोथी नाही. ज्यांच्या हातांनी हा बदल केला त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, हे विसरून केलेला अभिमान आम्हांला थोडा सवंग वाटतो.

आमच्या आजोळी एक हाडवैद्य होते. मनगट निखळलेल्या पोराला ते बैलाच्या खांदेमळणीविषयी काहीबाही विचारीत आणि पोर उत्तर देऊ लागले की झटक्यात सांधा बसवीत. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगे मुंबईला गिरणीत गेले. ते वारले तेव्हा गावाने हळहळ केली, ती भल्या माणसासाठी. त्यांच्याबरोबर काय गेले ते मोजायला कोणाकडे माप नव्हते. आम्ही तेव्हा महाविद्यालयात ‘मौखिक परंपरा’ शिकत होतो, आणि त्या अभ्यासक्रमात ओव्या होत्या, उखाणे होते. बोटांना ठाऊक असलेले काहीच नव्हते.

पुण्याच्या त्या पत्राचे लंडनमध्ये मात्र चीज झाले. जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने त्याच पद्धतीने १८१४ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. युरोपात या पद्धतीला ‘भारतीय पद्धत’ हे नाव पडले. माणसाच्या नावाची जागा देशाच्या नावाने भरून निघाली, आणि आपणही त्यावर खूश आहोत.

कर्करोगाने नाकाचा भाग गमावलेल्या रोग्यांसाठी आजही कपाळाची कातडी अशीच खाली वळवतात. भुवयांजवळचा देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात.